रुग्णनोंदी अचानक बंद का पडल्या? लिनक्स संगणकातील स्मृतीचा प्रश्न

वनौषधींतील रासायनिक घटकांची माहिती आता घरबसल्या मिळते. चेन्नई येथील गणितीय विज्ञान संस्थेच्या 'इम्पॅट' या संग्रहाच्या २०२२ च्या आवृत्तीत ४,०१० भारतीय वनस्पती व १७,९६७ घटक नोंदलेले आहेत. त्यांतील दारुहळद व गुळवेलीचे घटक निवडून, ते विशिष्ट प्रथिनाशी कसे जुळतात हे 'ऑटोडॉक व्हिना' या मुक्त प्रणालीने पाहावे, असे आम्ही वसईच्या चिकित्सालयात ठरविले. संगणक लिनक्सवर चालणारा, स्मृती ८ जीबी. त्याच संगणकावर रुग्णनोंदींचा डेटाबेसही होता. हीच आमची चूक.

रात्री एकाच वेळी ८ घटकांची गणना लावली. सकाळी पाहतो तो गणना सुरूच, परंतु रुग्णनोंदी उघडेनात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जातच असते, त्यामुळे प्रथम संशय विजेवरच गेला. वीज मात्र गेलेली नव्हती.

कारण असे. लिनक्स मागेल त्या प्रणालीला स्मृती देण्याचे वचन देऊन टाकते. प्रत्यक्ष जागा मात्र प्रणाली तेथे लिहू लागते तेव्हाच मिळते. फार्मसीने साठ्यापेक्षा अधिक च्यवनप्राशाची मागणी नोंदवावी आणि सर्व ग्राहकांनी एकाच दिवशी यावे, तसा प्रसंग ओढवतो. अशा वेळी कर्नेल एखादी प्रणाली मारून जागा मोकळी करते. निवड करताना मुख्यत्वे कोणी किती स्मृती व्यापली आहे हे पाहिले जाते. काम किती मोलाचे, हे कर्नेलला आपोआप कळत नाही. आमच्या ८ गणना एकेकट्या डेटाबेसपेक्षा लहान होत्या, म्हणून बळी डेटाबेसचा गेला. सुदैवाने पूर्ण झालेल्या नोंदी डिस्कवर सुरक्षित होत्या.

निदान सोपे आहे. कर्नेलच्या नोंदवहीत, म्हणजे 'डीमेसेज' या आज्ञेने, 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ व मारलेल्या प्रणालीचे नाव सापडते. गणनाच मारली गेल्यास पडद्यावर केवळ 'किल्ड' दिसते व निर्गमांक १३७ येतो (१२८ अधिक ९ क्रमांकाचा संकेत).

उपायांत स्वॅप वाढविणे सर्वांना प्रथम सुचते. आमच्या मते तो शेवटचा उपाय होय, कारण डिस्क फार संथ. खरा लाभ शोधक्षेत्र आकुंचित केल्याने झाला. संपूर्ण प्रथिनाऐवजी केवळ क्रियास्थळाभोवतीची पेटी घेतली. पेटीची प्रत्येक बाजू निम्मी केली की घनफळ, व त्यासह तिच्या जाळीला लागणारी स्मृती, एक-अष्टमांश होते. एका वेळी ८ ऐवजी ३ गणना लावल्या आणि प्रत्येक निष्पत्ती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवली, म्हणजे खंड पडल्यास पुढूनच आरंभ करता येतो.

डेटाबेसच्या संरक्षणासाठी 'ऊम स्कोअर अ‍ॅडजस्ट' हे मूल्य उणे ५०० केले. त्याची मर्यादा उणे १००० ते अधिक १००० असून, मूल्य खाली आणण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. गणनांना 'सिस्टिमडी'द्वारे एकत्रित ५ जीबीची मर्यादाही घातली. चरकाचार्यांनी विमानस्थानात कुक्षीचा एक भाग दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. उरलेले ३ जीबी त्याच हिशेबाचे! पुढे रुग्णनोंदींसाठी दुसरा जुना संगणक आणला, तेव्हा कुठे आम्ही रात्री निश्चिंत झोपू लागलो.