पंचनाम्यावरची शेजाऱ्याची सही

पूर आला की सगळ्यांचे डोळे नदीकडे लागलेले असतात. कुठला बंधारा पाण्याखाली गेला, काळम्मावाडीतून किती पाणी सोडले, यमगर्णीजवळ हायवे चालू आहे की बंद, याचीच चर्चा घराघरांत चालते. पाणी ओसरले की टीव्हीवाले निघून जातात, बघे निघून जातात. मग उरतो चिखल, आणि उरतात कागद. या कागदांबद्दल आज लिहायचे आहे.

माझे माहेर निपाणीचे, शिक्षण मराठी शाळेतले. सासर चिक्कोडीकडचे आणि घरात बोली कन्नड. बोलायला मी सासूबाईंकडून शिकले. पण अक्षरे मात्र मुलांच्या पहिलीच्या पुस्तकावरून, त्यांच्या शेजारी पाटी घेऊन गिरवली. त्या अक्षरांचा उपयोग एवढा मोठा होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

आत्तीचे घर

माझी आत्ती वेदगंगेच्या काठावरच्या एका गावात राहते. मामंजी वारून बरीच वर्षे झाली. मुलगी सासरी. मातीच्या भिंतींचे, कौलारू, दोन खणांचे घर आणि एक म्हैस, एवढा तिचा संसार. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकदमच पाण्यात गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. आत्तीला गावच्या पोरांनी अंधारातच उचलून नेले. म्हशीचे दावे तिने स्वतः सोडले. उंचावरच्या शाळेत निवारा होता. पूर्वी अशा ठिकाणाला ‘गंजी केंद्र’ म्हणत, आता ‘काळजी केंद्र’ म्हणतात. काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पाच दिवसांनी पाणी उतरले. मी गेले तेव्हा आत्ती देवळाच्या कट्ट्यावर बसली होती. पुढ्यात घरफाळ्याच्या पावत्या, मामंजींचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड असे भिजलेले कागद एकेक करून वाळत घातले होते. प्रत्येकावर एकेक खडा. मी म्हटले, “आत्ती, आधी काही खाल्लंस का?” ती म्हणाली, “खाण्याचं बघू गं. ह्यातलं एक पान जरी उडालं तर मी ह्या गावची न्हवं म्हणतील.”

शाळा न शिकलेल्या बाईला हे कसे कळले? २००५ चा पूर तिने पाहिला होता, एवढेच उत्तर.

भिंत नंतर पडते

दोन दिवसांनी पाहणीचे पथक आले. तोवर घराच्या मागच्या भिंतीचा एक कोपराच तेवढा ढासळला होता. बाकीच्या भिंती उभ्या होत्या. पथकाने पाहिले, फोटो काढला, लिहून घेतले आणि पुढच्या घरी गेले.

मातीच्या घरात राहिलेल्यांना हे ठाऊक असते की भिंत पाण्यात असताना पडत नाही तेवढी पाणी गेल्यावर पडते. पाच दिवस भिजलेली माती आतून मऊ झालेली असते, बाहेरून पाण्याचा दाबच तिला धरून ठेवतो. पाणी गेले, ऊन पडले, माती आकसली की भेगा पडतात आणि भिंत बसते. आत्तीच्या घराचे तसेच झाले. पाहणी होऊन सहा दिवसांनी, भर दुपारी, मागची भिंत पुरी आली आणि पाठोपाठ मधली. आढे वाकले, कौले घरात. सुदैवाने आत्ती तेव्हा म्हशीला वैरण घालत होती.

महिन्याभराने यादी लागली. मी कन्नडमध्ये वाचून दाखवू लागले. वर लिहिले होते ‘मने हानी’. आत्ती मराठीच, तिने ऐकले आणि म्हणाली, “मनाची हानी तर झालीच की, ती बी लिवून घेत्यात व्हय?” मी हसले आणि पुढची ओळ वाचताना हसू थांबले. तिचे घर ‘सी’ गटात होते.

ए, बी आणि सी

त्या वर्षी कर्नाटक सरकारने पडलेल्या घरांचे तीन गट केले होते. ७५ टक्क्यांहून अधिक नुकसान म्हणजे ‘ए’, त्याला ५ लाख रुपये. २५ ते ७५ टक्के म्हणजे ‘बी’. त्याला आधी १ लाख ठरले होते, नंतर घर पाडून नव्याने बांधणाऱ्याला ५ लाख आणि दुरुस्ती करणाऱ्याला ३ लाख असा बदल झाला. १५ ते २५ टक्के म्हणजे ‘सी’, त्याला ५० हजार. पहिल्या खर्चासाठी प्रत्येक बाधित कुटुंबाला १० हजार रुपये वेगळे. पाहणीच्या कागदावरचे एक इंग्रजी अक्षर म्हणजे आत्तीच्या डोक्यावर छप्पर येणार की नुसती ताडपत्री, याचा निकाल होता.

हा पैसा येतो कुठून, हेही समजून घेण्यासारखे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. आपल्यासारख्या राज्यांत त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. किती द्यायचे याचे निकष केंद्र ठरवते. २०१९ मध्ये सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला केंद्राच्या निकषाने ९५ हजार १०० रुपये मिळत. ५ लाखांपर्यंतची वाढ राज्याने आपल्या तिजोरीतून केली. २०२२ ते २०२६ या काळासाठी निकष १ लाख २० हजार झाला. पिकांचेही तसेच. २०१९ मध्ये जिरायतीला हेक्टरी ६ हजार ८००, बागायतीला १३ हजार ५०० आणि बहुवार्षिक पिकाला १८ हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. त्यावर राज्याने हेक्टरी १० हजार वाढवून दिले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपण मराठीत ‘नुकसानभरपाई’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘परिहार’ म्हणतात. दोन्ही शब्दांनी वाटते की गेले तेवढे परत मिळणार. सरकारी नियमांत मात्र ही ‘मदत’ आहे, भरपाई नव्हे. गेलेल्या धान्याचा, भांड्यांचा, सोन्याच्या मण्याचा हिशोब तिथे होत नाही. पुन्हा उभे राहायला हात, एवढाच तिचा अर्थ. हे आधीच माहीत असले की कचेरीच्या दारात होणारा संताप थोडा कमी होतो आणि आपले बळ योग्य ठिकाणी लावता येते.

अकरा वर्षांचा अबोला

आम्ही फेरपाहणीचा अर्ज कन्नडमध्ये लिहिला. भिंत कोणत्या तारखेला पडली ते लिहिले. अर्जाची पोच मागितली तेव्हा “उद्या या” झाले, ते चार वेळा. पाचव्या खेपेला मी बाकावरच बसून राहिले. पोच मिळाली. मग प्रश्न आला की भिंत पुरानेच पडली, मागाहून पाडली नाही, हे कोण सांगणार? पंचनाम्याला शेजारच्या घरचा साक्षीदार हवा.

आत्तीच्या भिंतीला भिंत लागून एका कन्नड कुटुंबाचे घर आहे. त्यांच्या कौलांच्या पागोळ्या आत्तीच्या भिंतीवर पडतात म्हणून भांडण झाले होते आणि दोन्ही घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. लग्नाच्या पत्रिकासुद्धा दिल्या घेतल्या नव्हत्या. आत्ती म्हणाली, “पन्नास हजारच मिळूंद्यात. त्येच्या दारात मी जायची न्हाई.”

मी एकटीच गेले. काका ओसरीवर बसले होते. त्यांच्याही घरात अजून चिखलाचा वास होता. मी कन्नडमध्ये सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, आत जाऊन चष्मा आणला आणि म्हणाले, “ग्वाडी बिद्दद्द ना नोडेनि.” भिंत पडली ती मी पाहिली आहे. आणि मग हळूच, “आमच्या पागोळीनं ती आधीच भिजत होती, तेबी खरं.”

फेरपाहणीच्या दिवशी ते स्वतः पथकापुढे उभे राहिले आणि सही केली. आत्तीचा अंगठा त्यांच्या सहीच्या खाली उमटला. कन्नडमध्ये पुराला ‘नेरे’ म्हणतात आणि शेजारालाही ‘नेरे’च म्हणतात. हे मला पहिलीच्या पुस्तकात कळले नव्हते, त्या दिवशी कळले.

नाव कुणाचे?

घर ‘बी’ गटात आले, तरी अडचण संपली नव्हती. पंचायतीच्या उताऱ्यावर अजून मामंजींचेच नाव होते. वारसनोंद कधी केलीच नव्हती. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि दिरांचे संमतीपत्र लागले. दीर इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. ते अर्धा वाटा मागतील अशी आत्तीला धास्ती होती. ते आले, पडके घर पाहिले, सही केली आणि जाताना वहिनीच्या हातात दोन हजार रुपये ठेवून गेले. सगळ्याच घरांत असे होत नाही. पुराच्या मदतीवरून भाऊ भाऊ कोर्टात गेल्याची उदाहरणे आपल्याच गावांत आहेत. म्हणून वारसनोंद कोरड्या दिवसांत करून ठेवावी. शेतजमिनीसाठी तिलाच ‘पौती खाते’ म्हणतात.

पैसे हप्त्याहप्त्याने आले. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. मधला हप्ता लांबला तेव्हा आत्तीने बचत गटातून कर्ज काढले आणि व्याज भरले. आत्तीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला घराच्या मदतीतले काहीच मिळाले नाही, कारण घर त्यांचे नव्हते. ते लोक गाव सोडून गेले. याची हळहळ आत्तीला आजही आहे, मलाही आहे.

नदीपलीकडे महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात माझी मावशी राहते. तिकडे त्याच पुरात ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार तातडीची मदत जाहीर झाली होती. आम्ही फोनवर दोन्हीकडचे नियम ताडून बघायचो. पाणी एकच, पण अर्ज वेगळे, भाषा वेगळी.

घरात करून ठेवण्यासारखे

वाचकहो, अनुभवातून काही गोष्टी सुचवते. घराचा उतारा, पहाणी, आधार, रेशनकार्ड आणि पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा, आणि एक संच पूर न येणाऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्या. बँक खाते आधारला जोडलेले आणि चालू आहे ना ते पावसाळ्याआधी पाहा. मदत थेट खात्यात येते. पाणी उतरताच घराच्या चारी बाजूंचे तारखेसह फोटो काढा आणि भिंत नंतर पडली तर त्याच दिवशी लेखी कळवा. जनावर दगावले तर पंचनाम्याआधी पुरू नका. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि ज्यांना वाचता येते त्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवा.

आत्तीने नवे घर बांधताना गवंड्याला एकच हट्ट धरला होता, जोते तीन फूट उंच घ्यायचे. पैसे कमी पडले म्हणून खोली एक कमी केली, पण जोते कमी केले नाही. जुलै २०२१ मध्ये वेदगंगा पुन्हा चढली, हायवे पुन्हा बंद झाला. पाणी आत्तीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्या रात्री शेजारचे काका-काकू, त्यांची सून आणि तान्हे नातवंड आत्तीच्या नव्या घरात झोपायला होते.

सकाळी मी फोन केला तर आत्ती म्हणाली, “पाणी हाय अजून. पर चुलीवर चहा ठेवलाय, सा जणांचा.”