पंचवीस फूट पत्रा

सकाळी 6

दादर पश्चिमेला फुलबाजार या वेळी ऐन भरात असतो. डोक्यावर झेंडूचे भारे घेतलेली माणसं आमच्या साइटच्या कडेनं स्टेशनकडे आणि स्टेशनकडून चाललेली असतात. साइटवर येणारे बहुतेक जण थेट गेटमधून आत शिरतात. मी आधी बाहेरून पूर्ण फेरी मारते. आत काम करणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पायात बूट असतात. बाहेरून जाणाऱ्याकडे आमच्या पत्र्याखेरीज काहीच नसतं. बांधकामातली पहिली उभी राहणारी गोष्ट हे कुंपण आणि सगळ्यात शेवटी निघणारीही बहुधा तीच. तरी नकाशांच्या गठ्ठ्यात तिचा नकाशा शोधावा लागतो.

आज कोपऱ्यावरचा एक पत्रा खालून बाहेर वळलाय. रात्री कुणाचा तरी टेम्पो मागे घेताना घासला असणार. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची कड बोट कापायला पुरेशी असते, आणि ही कड पाचसहा वर्षांच्या मुलाच्या गालाच्या उंचीवर आहे. सात वाजता शाळेची मुलं याच फुटपाथवरून जातील. वॉचमनला तिथं उभं केलं, आतून वेल्डरला उठवलं. पत्रा आत ठोकून, कडेवर अँगल बसवून झाल्यावरच फेरी पुढे सुरू झाली. खालच्या ओळीतले चार स्क्रूही गायब होते. स्क्रू आणि पत्रे भंगारात जातात, म्हणून खालच्या ओळीवर रोज हात फिरवून पाहावं लागतं.

साडेसात

हजेरी. टोळी जालन्याकडची, मुकादमही तिकडचेच. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात ज्यांची नोंद नाही त्यांची नावं मी वेगळी लिहून घेते. मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणं आमच्या हातात असतं. कागद पुढे ढकलला की गडी गावी निघून जातो नि नोंद राहून जाते.

मग कामाची वाटणी. हातमोजे सगळ्यांना. शिडीवर किंवा परांचीवर चढणाऱ्याला दोन हुकांचा बेल्ट, म्हणजे एक हुक सोडताना दुसरा अडकलेला राहतो.

8 ते 11

पत्रे चढवायचे ते याच वेळात. उन्हाळ्यात मुंबईत दुपारकडे समुद्रावरचा वारा सुटतो, आणि दोघांनी धरलेला दहा फुटी पत्रा त्या वाऱ्यात शिडासारखा भरतो. मुकादमांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. "मॅडम, अकराला हात थांबवणार," हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं.

उंचीचा नियम महापालिकेचा. मुंबईची हवा बिघडली तेव्हा, ऑक्टोबर 2023 मध्ये, पालिकेनं धूळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकराहून मोठा भूखंड किंवा 70 मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती किमान 35 फूट पत्रा, एकराहून लहान भूखंडाला 25 फूट. शिवाय बांधकामावर हिरवं कापड नाहीतर गोणपाट, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय. आमचा भूखंड लहान, इमारतही 70 मीटरच्या आतली. म्हणून 25.

धुळीसाठी उंची हवीच, त्यावर माझा वाद नाही. पण उंचीची किंमत पायाला मोजावी लागते. वाऱ्याचा दाब पूर्ण पत्र्यावर पडतो आणि त्याची उलथवण्याची ताकद उंचीच्या वर्गानं वाढते. दहा फुटांचं कुंपण 25 फुटांचं केलं की उंची अडीचपट होते, खांबाच्या मुळाशी येणारा उलथवणारा जोर सव्वासहापट. पूर्वीच्या दहा फुटी कुंपणाला दीड फूट खड्डा खणून पाइप रोवला की भागायचं. तीच सवय घेऊन कुणी 25 फूट चढवलं, तर ते कुंपण पहिल्या वादळाची वाट पाहत उभं असतं.

त्यात आमची आणखी अडचण अशी की मागून टेकू द्यायला जागा नाही. तळघराचा खड्डा थेट हद्दीपर्यंत येतो. बाहेर फुटपाथ, त्याच्या पोटात विजेच्या केबल, पाण्याची लाइन, गॅसची पाइप. तिथं मशीननं खणायचं नाही. आधी हातानं चाचणीचा खड्डा घ्यायचा, लाइन दिसली की ती जागा सोडायची. त्यामुळे रस्त्याच्या बाजूचे खांब आम्ही खड्ड्याच्या कडेला ओतलेल्या पाइलांवरच्या काँक्रीटच्या बीमला बोल्टनं जखडले. खर्च वाढला. ठेकेदारानं "तात्पुरत्या कामाला एवढं कशाला?" असं विचारलं. पण तात्पुरतं काम तीन पावसाळे काढणार आहे, आणि वाऱ्याला तात्पुरतं-कायमचं काही कळत नाही.

साडेबारा

शाळा सुटते. या अर्ध्या तासात गेट बंद, डंपर आत असेल तर आतच थांबतो. मिक्सरचे ड्रायव्हर हॉर्न देतात, पोरांना थांबवून आम्हाला वाट करून द्या म्हणतात. मी ऐकत नाही. 25 फुटी पत्र्याच्या भिंतीतून बाहेर पडणाऱ्या गाडीला फुटपाथ दिसतच नाही. ड्रायव्हरला माणूस दिसतो तेव्हा बंपर माणसाच्या अंगाशी आलेला असतो. म्हणून गेटच्या दोन्ही अंगांना खालच्या भागात पत्र्याऐवजी जाळी लावली आहे आणि झेंडा घेतलेला माणूस कायम उभा असतो. उंचीवर सगळे बोलतात. माझ्या अनुभवात अपघात गेटपाशी घडतात.

1

जेवण. पत्र्याची सावली खड्ड्याच्या बाजूला पडते आणि डबा घेऊन तिथं टेकायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथं कुणी बसायचं नाही, हा नियम मी मोडू देत नाही. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसं गेली, त्यांत मुलंही होती. भिंतीचा आडोसा बरा म्हणून माणूस भिंतीलगत राहतो. त्याला लांब बसवायचं असेल तर लांब सावली करून द्यावी लागते. आम्ही ताडपत्रीचा मांडव घातला, पंखे लावले, पाण्याचे माठ ठेवले. आता कुणाला हटकावं लागत नाही.

3

शेजारच्या चाळीतल्या आजी गॅलरीतून हाक मारतात. "अगं, भर दुपारी दिवा लावायला लागतो. वारं तर बंदच झालं." आजी खरं बोलतात. त्यांच्या पहिल्या मजल्यासमोर आमचा पत्रा उभा आहे, तोही नियमानं. त्या बाजूला जागा होती तिथं कुंपण चार फूट आत घेतलं, पत्र्याची बाहेरची बाजू पांढरी रंगवली. उजेड थोडा परत आला. वारं आलं नाही. शहराची धूळ अडवण्यासाठी चाळीतल्या या सहा घरांनी आपला उजेड दिलाय, तेव्हा त्यांचं वाढलेलं विजेचं बिल प्रकल्पाच्या खर्चात धरावं असं मी विकासकाला लेखी कळवलं आहे. "आजी, कागद दिलाय, पाठपुरावा करते," एवढंच आज सांगता आलं.

साडेचार

वारा सुटला. पत्रे वाजू लागतात आणि मी कान देऊन फिरते. घट्ट बसलेला पत्रा गुणगुणतो, सैल पत्रा आपटतो. आपटणाऱ्यावर खडूनं खूण करायची, सकाळी तो पहिला.

ताशी साठ किलोमीटरचा वारा मुंबईत वळवाच्या वेळी काही विशेष नाही. त्याचा दाब साधारण 17 किलो दर चौरस मीटर येतो. अडीच मीटर अंतरावरच्या आमच्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला 19 चौरस मीटर पत्रा, म्हणजे सव्वातीनशे किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, ताशी 158 किलोमीटर. त्या वेगाला एकेका खांबावर सव्वादोन टन येतील. तात्पुरत्या कामाला मानक सूट देतं. पण हिशोब कागदावर झालेला असला पाहिजे, नजरेच्या अंदाजानं नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचं होर्डिंग कोसळून सतरा जण गेले, तेव्हाही धुळीचं वादळच होतं. ते कुंपण नव्हतं, पण वाऱ्यापुढे दोन्ही एकच: एका पायावर उभा केलेला मोठा सपाट पत्रा. म्हणून आमच्या कुंपणावर प्रकल्पाचा भलामोठा फ्लेक्स चढवायला मी नाही म्हटलं. परवान्यांचा फलक, रेराचा क्रमांक, तक्रारीसाठी फोन, एवढंच पत्र्यावर आहे, तेही पत्र्याला सपाट चिकटवून.

7

दिवे. पूर्ण कुंपण लोखंडाचं, म्हणजे एका ठिकाणी वायर सोलली गेली तर चारही बाजूंना करंट. पावसात ओल्या फुटपाथवरून जाणाऱ्यानं सहज हात टेकला की संपलं. म्हणून वायर पत्र्याला बांधायची नाही; ती पाइपमधून, प्लॅस्टिकच्या क्लॅम्पवर न्यायची. खांबांना अर्थिंग, दिव्यांच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा ट्रिपर. त्याचं टेस्टचं बटण मी रोज स्वतः दाबते. आज दाबल्याबरोबर लाइन पडली, म्हणजे ठीक.

साडेआठ

रात्रपाळीच्या वॉचमनकाकांकडे चावी आणि वही. वहीत आज लिहिलं: कोपऱ्यावर टेम्पो घासतोय, उद्या तिथं काँक्रीटचा ठोकळा टाकायचा. खांब 14 ते 17 मधले सहा पत्रे आपटतात. खांब 22 च्या बेसप्लेटचा एक नट फिरतोय. तो आवळून, वर दुसरा नट चढवून मगच त्याच्या वरच्या पत्र्याला हात लावायचा. मुकादमांनी वाचून खाली सही केली आणि विचारलं, "22 चं काम आधी, की 14 चं?"

"22 चं, दादा. आधी पाया."