पिलू किंवा अंडे सापडले तर...



उन्हाळा लागला की करकंब येथील आमच्या अभ्यासवर्गाची मुले पक्ष्यांची पिले ओंजळीत घेऊन येतात. त्यांपैकी बरीच फासेपारधी समाजाची आहेत. फासे लावून तित्तर-लावे धरणे हा त्यांच्या आजोबांचा धंदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर तो हळूहळू बंद पडला. मुले पिलू उचलतात ती दयेपोटी. पण पारध्याच्या पोराच्या हातात पक्षी दिसला की लोकांना आधी शिकारच दिसते. म्हणून मी त्यांना जे शिकवतो, ते आपणही आपल्या घरी व संडेस्कूलमध्ये शिकवावे.

आधी पिसे पाहा. अंगावर पिसे आहेत, शेपूट आखूड आहे आणि पिलू टुणटुण उड्या मारते आहे, तर ते उडायला शिकत आहे. आईबाप जवळच असतात. त्याला तिथेच राहू द्या. मांजर, कुत्रा किंवा रस्त्याचे भय असेल, तर जवळच्या झुडपात ठेवा.

पिलू उघडे, डोळे मिटलेले असेल, तर ते घरट्यातून पडले आहे. हलक्या हाताने परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत खरी नाही. घरटेच मोडले असेल, तर लहान टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच झाडाला बांधा आणि तासभर लांबून पाहा.

तोंडात पाणी, दूध, पाव घालू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते. दूध त्याला पचत नाही. जखमी असेल, तर भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, उबेत व अंधारात ठेवा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

अंडे जागचे हलवू नका. माळावर उघड्यावर दिसणारी चार ठिपकेदार अंडी बहुधा टिटवीची असतात. ती टाकून दिलेली नसतात. नर-मादी आळीपाळीने ती उबवतात आणि कडक उन्हात पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली, की आल्या पावली मागे फिरा. आपण जितका वेळ तिथे थांबू, तितका वेळ अंडी उन्हात राहतात. अंडी घरी आणणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात वाटेत सापडणाऱ्या घरट्याविषयीही देवाने आज्ञा दिली आहे, हे ऐकून मुलांना फार नवल वाटते. घरटी कुठे, कोणत्या पक्ष्याची, हे या मुलांना माझ्याहून अधिक कळते. आता ती घरटे दाखवतात, पण हात लावत नाहीत. आजोबांची ही विद्या नातवंडांच्या हाती राखणीसाठी यावी, आणि गावानेही त्यांच्याकडे राखणदार म्हणून पाहावे, यासाठी आपण प्रार्थना करावी.