नातवंडांसह रायगडावर

मुलांना घेऊन प्रवासास निघणें म्हणजे अर्धें घर पाठीवर घेऊन निघणें होय, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. गेल्या माघांत आमच्या घरांतील लहानमोठीं अकरा माणसें पुण्याहून ताम्हिणीच्या वाटेनें रायगडास जाऊन आलीं. दशम्या, मेतकूट, पाण्याच्या बाटल्या, आमच्या गुडघ्याची पट्टी आणि तेलाची शिशी हा सरंजाम पाहून धाकटे चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आपण गड पाहावयास चाललों आहों कीं लढवावयास?"

बेत आमचाच होता. एकतीस वर्षें आम्ही चौथीच्या वर्गास शिवछत्रपतींचें चरित्र शिकविलें. त्या चरित्रांतील स्थळें नातवंडांपुढें साक्षात् उभीं करावीं ही हौस तर होतीच. शिवाय, खरें सांगावयाचें तर, घरांतील मंडळींनीं आमची मास्तरकी एकदां डोळ्यांनीं पाहावी, ही थोडी प्रौढीही मनांत होती.

पायथ्याशीं पाचाड येथें प्रथम जिजाबाईसाहेबांच्या समाधीचें दर्शन घेतलें. ६ जून १६७४ रोजीं गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजीं, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनीं, मातोश्रींनीं पाचाडास देह ठेविला. हें सांगतांच आमची थोरली नात वैदेही (वय वर्षें बारा) तारखांची वजाबाकी करून गप्प बसली. तिची ही संवय आम्हांस तेव्हां फार आवडली. पुढें तीच आमच्यावर उलटणार होती!

गडावर जाण्यास आतां दोन मार्ग आहेत. पायऱ्या चौदाशेंहून अधिक आहेत; आणि १९९६ सालापासून दोरावरचा पाळणाही सुरूं झाला आहे, तो चारपांच मिनिटांत माणसास वर नेऊन सोडतो. आमचें कुटुंब, सुना व लहान मुलें पाळण्यानें गेलीं. आम्ही, थोरले चिरंजीव, वैदेही आणि हट्ट करून आमच्याबरोबर आलेला सात वर्षांचा ओंकार असे चौघे पायऱ्यांनीं निघालों. ज्यांची प्रकृति ठीक आहे त्यांनीं मुलांना एकदां तरी पायांनींच वर न्यावें, असें आमचें मत आहे. महादरवाजा वळणाआड कसा दडविला आहे, हें धापा टाकीत तेथवर पोंचल्यावांचून कळत नाहीं. मात्र सकाळीं लौकर निघावें आणि टकमक टोकाकडे जातांना मुलांचा हात सोडूं नये.

निघण्यापूर्वीं खालूनच हिरकणीच्या बुरुजाकडे बोट दाखवून आम्ही ती गोष्ट सर्वांना सांगितली होती. गवळण, मिटलेले दरवाजे, घरीं तान्हें मूल आणि रात्रीं उतरलेला कडा! धाकट्या सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. वैदेहीनें विचारलें, "आजोबा, हें कोणीं लिहून ठेवलें आहे?"

आम्ही म्हणालों, "लिहून ठेवलेलें नाहीं, बाळ. लोक सांगत आले आहेत."

"मग तुम्ही शाळेंत सांगतांना असें सांगत होतां?"

"सगळेंच काय कागदावर असतें?" म्हणून आमच्या कुटुंबानें तिला गप्प केलें. प्रश्न तेथें थांबला. आमच्या मनांत मात्र तो पायऱ्या चढत बरोबर आला.

वर सगळीं मंडळी एकत्र जमल्यावर गंगासागर तलाव पाहिला आणि सिंहासनाच्या चौथऱ्याकडे गेलों. नगारखान्यापासून चौथरा दोनशें फुटांहून अधिक दूर आहे. तरी नगारखान्यापाशीं हळू बोललेला शब्द सिंहासनापाशीं ऐकूं येतो, अशी ख्याति आहे. वैदेहीस चौथऱ्यापाशीं उभी केली, ओंकारास नगारखान्यांत. पहिल्या वेळीं कांहींच ऐकूं आलें नाहीं, कारण एका शाळेचीं शंभरसव्वाशें मुलें मध्यें जयघोष करीत होतीं. त्यांना दटावणारे आम्ही कोण! अर्ध्या घटकेनें तीं गेल्यावर ओंकारानें हळूच म्हटलें, "ताई, मला भूक लागली." ते शब्द इकडे स्वच्छ ऐकूं आले. वैदेहीनें आमच्याकडे पाहून समाधानानें मान हलविली. ही गोष्ट तिच्या कानांनीं पारखून घेतलेली होती.

बाजारपेठेंत मात्र आमची पुन्हां पंचाईत झाली. दोन्ही बाजूंस बावीस-बावीस गाळ्यांच्या रांगा आहेत व त्यांचीं जोतीं उंच आहेत. घोडेस्वारांस खालीं न उतरतांच खरेदी करतां यावी म्हणून तीं उंच बांधलीं, हें आम्ही आजवर हजारदां सांगितलें असेल. तेंच तोंडांतून निघालें. वैदेही एका जोत्यावर चढून आंत डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, मागें खोल्या आहेत. दुकानाला इतक्या खोल्या कशाला?" हा प्रश्न तिचा एकटीचा नाहीं. हीं दुकानें नसून दरबारच्या माणसांचीं बिऱ्हाडें किंवा कचेऱ्या असाव्यात, असें मानणारे अभ्यासकही आहेत. हें आम्ही वाचलेलें होतें. पण वर्गांत कधीं बोललों नव्हतों. चौथीच्या मुलांना घोडेस्वार फार आवडतो.

तेथून जगदीश्वराच्या देवळाकडे जातांना आम्हांस धीर आला, कारण आतां आमचा प्रांत येणार होता. देवळाच्या भिंतींत संस्कृत शिलालेख आहे. आमच्या वडिलांनीं तो आम्हांकडून मुंजीनंतरच्या वर्षीं पाठ करून घेतला होता. मुलांना भोंवतीं बसवून आम्ही त्यांतील कालगणना उलगडूं लागलों. आंकडे आंकड्यांनीं न लिहितां शब्दांनीं सांगितले आहेत: षट्, नव, बाण आणि भूमि. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ. मदनाचे बाण पांच म्हणून बाण म्हणजे पांच. आणि भूमि एकच म्हणून एक. "अंकानां वामतो गतिः" या नियमानें उजवीकडून डावीकडे मांडावयाचें. ओंकारानें धुळींत बोटानें लिहिलें: १५९६. तो शक. त्यांत अठ्ठ्याहत्तर मिळवा, असें म्हणतांच वैदेही ओरडली, "सोळाशें चौऱ्याहत्तर! राज्याभिषेकाचें वर्ष!" एकतीस वर्षांच्या मास्तरकींत इतका आनंद आम्हांस क्वचितच झाला असेल. मग सगळा लेखच अर्थासह सांगितला: गडावरील विहिरी, तळीं, बागा, खांब, हत्तीशाळा, गगनचुंबी राजवाडे, हें सर्व ज्यानें उभारिलें त्या हिरोजीचें नांव, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत तें नांदो, ही इच्छा.

त्याच भरांत मुलांना पायरीवरील दुसरा, लहानसा मराठी लेख दाखविला. सेवेला तत्पर असलेल्या हिरोजी इंदुलकरांचें नांव त्यांत आहे. आणि त्यामागची गोष्ट सांगितली. महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, काय हवें तें माग. हिरोजी म्हणाले, दुसरें कांहीं नको; भक्तांची पायधूळ पडेल अशा एका पायरीवर माझें नांव कोरूं द्यावें, एवढेंच. ही गोष्ट सांगतांना आमचा कंठ नेहमीं दाटून येतो, तसा तो तेव्हांही आला.

वैदेही जरा थांबून म्हणाली, "पण आजोबा, आत्तांच तुम्ही वाचलेंत ना? वर भिंतीवरही त्यांचेंच नांव आहे. मग 'एवढेंच' कसें?"

आम्ही निरुत्तर झालों. दोन्ही लेख आम्हांस लहानपणापासून ठाऊक, दोन्ही मुखोद्गत. आणि ते एकमेकांशेजारीं ठेवून पाहावे, हें एकदांही सुचलें नाहीं! प्रथम तोंडाशीं आलें कीं भिंतीवरचें नांव लेख रचणाऱ्यानें घातलें असेल आणि पायरीवरचें हिरोजींनीं मागितलें असेल. पण हें वकिली उत्तर झालें. तें आम्ही गिळलें आणि म्हणालों, "तुझें बरोबर आहे. दोन्ही दगड खरे आहेत. मागण्याची गोष्ट कोणीं पाहिली, तें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं." ओंकाराला या वादाशीं कर्तव्य नव्हतें. तो त्या पायरीला वळसा घालून, कठड्याला धरून खालीं उतरला. नांवावर पाय देईना.

समाधीपुढें सगळींच शांत होतीं. ३ एप्रिल १६८० रोजीं याच गडावर महाराजांचें निर्वाण झालें. आणि १८१८ च्या मे महिन्यांत पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांच्या तोफा चालल्या, तेव्हां आगींत वाडे भस्म झाले. आज आपण जोतीं पाहतों तीं त्यामुळें. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत रायगड आहे. जवळच वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यापाशीं ओंकार रेंगाळला तेव्हां हें स्मारक १९३६ सालचें आहे, एवढें मात्र आम्ही कोणीं विचारण्याआधींच सांगून टाकलें. चिरंजीव मिशींतल्या मिशींत हंसले.

दुपारीं गडावरच एका झोंपडींत पिठलें, भाकरी व ताक मिळालें. दशम्या तशाच परत आल्या. उतरतांना गुडघ्यांनीं नकार दिला, म्हणून आम्हीही पाळण्यांत बसलों. शेजारीं वैदेही होती. हिरकणीच्या बुरुजाखालचा कडा समोरून वर सरकत होता आणि धाकट्या सूनबाई त्याकडेच पाहत होत्या. वैदेही हळूच म्हणाली, "आजोबा, काकूला पुन्हां ती गोष्ट सांगा ना. खरी नसली तरी चालेल." आम्ही सांगूं लागलों, या खेपेस आरंभीं "असें सांगतात कीं" हे शब्द घातले. गोष्टीस त्यानें कांहीं बाध आल्याचें दिसलें नाहीं. सूनबाईंनीं पदर डोळ्यांस लावलाच.

पाचाडास गाडींत बसतांना वैदेहीनें विचारलें, "आजोबा, तुमच्या वर्गांत किती मुलें असत?"

"चाळीस धर."

तिनें मनांतल्या मनांत गुणाकार केला. "म्हणजे बाराशें चाळीस. त्यांना आतां कोण सांगणार?"

ताम्हिणीचा घाट चढून जाईपर्यंत आम्ही त्याचा विचार करीत होतों. तोंवर ती आमच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपीं गेली होती.