गोबीच्या वाळवंटातील जीवाश्मशोध

मंगोलियातील गोबी वाळवंटात 1963 ते 1971 या काळात पोलंड आणि मंगोलियाच्या शास्त्रज्ञांनी संयुक्त मोहिमा काढल्या. नेतृत्व झोफिया किएलान-यावोरोव्स्का या पोलिश महिला शास्त्रज्ञाकडे होते. वारा आणि पावसाने झिजलेल्या खडकांतून उघडी पडलेली हाडे पायी फिरून शोधायची, ब्रशने माती झाडायची आणि प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाचे वेष्टण चढवून ती प्रयोगशाळेत न्यायची, अशी कामाची पद्धत होती.

1965 मध्ये डायनोकायरस या डायनोसॉरचे सुमारे 2.4 मीटर लांबीचे हात सापडले. 1971 मध्ये झुंजीतच गाडले गेलेले दोन डायनोसॉर मिळाले: व्हेलोसिरॅप्टरच्या मागच्या पायाची नखी प्रोटोसेराटॉप्सच्या मानेपाशी रुतलेली, तर त्याचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत अडकलेला.

डायनोकायरसचे बाकीचे शरीर मात्र कोडेच राहिले. पुढे कोरिया-मंगोलिया मोहिमांना दोन सांगाडे मिळाले. चोरांनी खणून नेलेली त्यातील एकाची कवटी युरोपातून मंगोलियाला परत आली. 2014 मध्ये या प्राण्याचे पूर्ण रूप प्रसिद्ध झाले: सुमारे 11 मीटर लांब, पाठीवर उंचवटा, तोंडात एकही दात नाही. अनेक देशांच्या सहकार्याशिवाय हे कोडे सुटले नसते.