कपाटातल्या सीड्या आणि आपला हक्क

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वहिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन सीड्या आणि एक कॅसेट गुंडाळून माझ्याकडे आल्या. सीड्या त्यांच्या लग्नाच्या, २००५ सालच्या. कॅसेट सासूबाईंनी जत्रेतून विकत घेतलेली, खंजिरी भजनांची. "ताई, याच्यात माह्या बाबाचा आवाज आहे जी. बाबा तं गेले. आता सीडी लावली का अडकते नं बंद पडते."

आमच्या गोंडपिपरीचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. ठेवणीतल्या साड्यांना बुरशी येते, तिथे सीडीचं काय! वहिनी आधी ज्याने शूटिंग केलं होतं त्या फोटोग्राफरकडे गेल्या. तो म्हणाला, कॉपीराइट आमचा, नवी कॉपी हवी तर तीन हजार. मग एका मोबाइल दुकानात कॅसेट दाखवली. तो म्हणाला, याची कॉपी करणं गुन्हा आहे. (याच दुकानात काही वर्षांपूर्वी वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून गाणी मिळायची, ते असो!)

मी काही वकील नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण बचत गटाच्या कामामुळे कायद्याची पुस्तकं चाळायची सवय लागली आहे. म्हणून कॉपीराइट कायदाच काढून वाचला. हा कायदा १९५७ सालचा.

पहिला धक्का कलम १७ ने दिला. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढवून घेतला किंवा शूटिंग करवून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्याचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे वहिनींच्या लग्नाची सीडी त्यांच्या बाबांची आणि बाबांच्या माघारी वारसांची. फोटोग्राफरने कॉपी करून देण्याची मजुरी जरूर घ्यावी, कष्ट आहेतच ना त्याचे. पण 'हक्क आमचा' म्हणून अडवायचं कारण नाही. मात्र पावतीच्या मागे बारीक अक्षरात वेगळं काही छापलं असेल आणि आपण सही केली असेल, तर गोष्ट बदलते. लग्नाच्या घाईत ते कोण वाचतं? पण मैत्रिणींनो, पुढच्या लग्नात वाचा.

कॅसेटचं प्रकरण जरा नाजूक. तिथे आवाज दुसऱ्याचा आणि हक्कही कंपनीचा. आपण विकत घेतली ती एक प्रत. मग ती खराब होण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवता येते का? कायद्याने 'बॅकअप'ची मुभा नाव घेऊन दिली आहे ती कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला. प्रोग्राम हरवला किंवा बिघडला तर पंचाईत नको, म्हणून कायदेशीर मालकाने जादा प्रत ठेवावी, ही सोय १९९५ पासून लागू आहे. गाण्यांचा रस्ता वेगळा. कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी 'वाजवी वापर' चालतो असं म्हटलंय. पण २०१२ पर्यंत त्यात पुस्तकं, नाटकं, संगीतरचना, चित्रं एवढंच होतं. ध्वनिमुद्रण आणि सिनेमा नव्हता. गंमत बघा, नव्वदच्या दशकात घरोघरी कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतली जात होती आणि अक्षरशः पाहिलं तर कायद्याची ही सूट तिला नव्हतीच! २०१२ च्या दुरुस्तीने 'कोणतीही कलाकृती' असे शब्द आले. शिवाय अशा खाजगी वापरासाठी ती इलेक्ट्रॉनिक साधनात साठवणं म्हणजे हक्कभंग नव्हे, असा खुलासाही जोडला. सासूबाईंची भजनं लॅपटॉपवर ठेवायला मला या खुलाशाचा आधार वाटतो. इंग्लंडमध्ये अशीच मुभा २०१४ साली दिली होती, ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. त्या मानाने आपला कायदा बरा म्हणायचा.

पण 'वाजवी' आणि 'खाजगी' हे दोन शब्द विसरू नका. स्वतःसाठी प्रत ठेवली ते ठीक. तीच महिला मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठवली, दहा जणींना पेनड्राइव्ह भरून दिले, किंवा पैसे घेतले, तर ते खाजगी राहत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गाणी भरून विकणारी दुकानं त्यातच बसतात.

आणखी एक. काही सीड्यांना, फायलींना कंपनीचं कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, हेही २०१२ मध्ये आलं. ज्या कामाला कायद्याची मनाई नाही त्यासाठी तोडलं तर चालतं, पण तोडून देणाऱ्याने तुमचं नाव, पत्ता लिहून ठेवायचा असतो.

आता तर कॅसेटही नाही नि सीडीही नाही. मुलं म्हणतात, मोबाइलवर सगळं आहे. आहे, पण आपलं आहे का? जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलचं '१९८४' हे पुस्तक परस्पर काढून घेतलं. पैसे परत केले, मागाहून माफीही मागितली. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ साली 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. तिथली गाणी साध्या एमपी-थ्री फायलींत होती, त्यामुळे ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांची गाणी त्यांच्याकडे राहिली. महिन्याचे पैसे भरून ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं तसं नसतं, वर्गणी संपली की ते वाजत नाही. ते भाड्याचं घर.

पैसे घेऊन कुणी ठरलेली सीडी किंवा अल्बम देत नसेल, तर ती सेवेतली त्रुटी. चंद्रपूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

वहिनींना तिथवर जावं लागलं नाही. भाच्याचा लॅपटॉप आणला, सीड्या ओल्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या. कॅसेटला मात्र वेळ लागला. टेपला वायर जोडून जितक्या मिनिटांची कॅसेट तितका वेळ बसावं लागतं. पहिली सीडी पूर्ण उतरली. दुसरी पाठवणीच्या आधी अडकली ती अडकलीच. पण बाबांचा आवाज त्याच्या आधी आहे. मांडवात माइक हातात घेऊन ते सांगताहेत, "जेवल्याबिगर कोणी जाऊ नका जी." वहिनींनी तेवढं तीनदा लावायला सांगितलं. आता एक पेनड्राइव्ह त्यांच्या डब्यात आहे, दुसरा आष्टीला बहिणीकडे.