मल्टी-इफेक्ट घेताय? मग हे बघा 🎸

इफेक्टच्या आकड्याला भुलू नका; रोज लागतात चार-पाचच. बघायचं ते एक्स्प्रेशन पेडल, लूपर, हेडफोन जॅक आणि यूएसबी रेकॉर्डिंग. बॉस जीटी-१ मध्ये हे सगळं आहे, शिवाय तो ४ पेन्सिल सेलवरही चालतो.

👉 घेतल्यावर इफेक्टचा क्रम: वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला, तर सुरांची गिचमिड होते.

👉 कॅबिनेट सिम्युलेशन: मिक्सर किंवा हेडफोनला चालू, गिटार अँपच्या इनपुटला शक्यतो बंद. नाहीतर आवाज दबतो.

👉 गेन कमी, मिड जरा जास्त. हेडफोनवर गोड वाटलेला टोन ड्रम-बेस सुरू झाले की हरवतो. म्हणून पॅच (सेव्ह केलेले टोन) बँडच्या आवाजातच पक्के करा. सगळ्या पॅचची लेव्हल सारखी. सोलोची तेवढी थोडी वर.